गोकर्णीचं खळं

१

काचेची बशी काठोकाठ भरून आली होती, आणि वाईट होतं ते हेच.

शकुंतलाबाई उगेमुग्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी जेलीचा पातळ थर, आणि त्यावर निवलेल्या दुधावर धरते तशी पांढुरकी साय. ती साय म्हणजे जंतू. आर्वीच्या मुलींच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवण्यात गेलेल्या बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या सायीत काय नाही, ते मात्र सांगावं लागणार होतं.

"इथे मधोमध औषधाचा थेंब टाकला होता," रीता म्हणाली. "त्याच्याभोवतीचे जंतू मरून तेवढी जागा स्वच्छ व्हायला पाहिजे. आमचे बंडूजी त्याला खळं म्हणतात. शेतात चोपून सारवून केलेलं खळं असतं ना, तशी मोकळी गोल जागा. आजवर दर वेळी पडायचं. परवा विश्वस्तांसमोर बशी उघडली, तर ही अशी."

डॉ. रीता खोडे ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. पुलगावच्या बाहेर एका संस्थेचं इस्पितळ होतं आणि त्याला चिकटून तीन खोल्यांची प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. काम होतं मयुरी चाफले नावाच्या मुलीचं. गोकर्णीच्या वेलीतून तिनं जंतू मारणारा एक पदार्थ वेगळा काढला होता. वेलीला ना हात ना पाय, जंतू आले तर ती पळणार कुठे? म्हणून ती प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे तयार करते आणि ते जंतूंची कातडी फोडतात. शास्त्रज्ञ त्यांना पेप्टाइड म्हणतात. नेहमीची औषधं आताशा जंतूंना लागू पडेनाशी झाली आहेत, म्हणून जगभर अशा तुकड्यांचा शोध चालू आहे आणि पुलगावातही चालू होता.

"विश्वस्त म्हणाले, आधीची खळी पोरीनं खोटी दाखवली असतील," रीता म्हणाली. "सोमवारी मला लेखी कळवायचंय. कारण देता आलं नाही तर तिची शिष्यवृत्ती बंद. तेही एक वेळ चालेल, बाई. पण खोटे निकाल दाखवले हा ठपका एकदा बसला, की देशातली कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभं करणार नाही. मी तिला ओळखते. पण ओळख म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी बशी खाली ठेवली. आर्वीहून एसटीनं येताना कंडक्टरनं तिकीट देता देता नेहमीची थट्टा केली होती, की आपली पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वेगाडी शकुंतला बंद पडली, पण शकुंतलाबाई चालूच आहेत. आज त्यांना त्यावर हसू आलं नव्हतं. गुडघे म्हणत होते, गाडीनं केलं तेच शहाणपणाचं.

"तुला काय वाटतं?"

"या आठवड्यात लाईन फार गेली. फ्रिज बंद पडला, आतलं वितळलं, औषध नासलं. दुसरं काय असणार?"

तसं असेल तर बरंच, बाईंना वाटलं. कुणाचाच दोष नाही आणि आपल्याला संध्याकाळची एसटी मिळेल.

"पोरीला बोलाव," त्या म्हणाल्या.

२

मयुरी आली ती डोळे पुसून आली होती. कारंजा घाडगेजवळ तिच्या वडिलांची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, कोथिंबीर. तारेच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल माजलेला असायचा. कुंपणावर चढणाऱ्या बाकीच्या वेलींना रोग लागायचा, गोकर्णीला लागायचा नाही. हे काऊन, असं तिनं लहानपणी विचारलं होतं आणि उत्तर शोधत ती इथवर आली होती.

बाईंनी तिला गुन्ह्याबद्दल काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, हे औषध कसं करतेस ते मला सांग, मी सातवीतली मुलगी आहे असं समजून सांग.

मयुरीचा आवाज हळूहळू ताळ्यावर आला. पाला आणि शेंगा वाटायच्या, पाण्यात उकळायच्या, गाळायचं, मग नळ्यांमधून पुन्हा पुन्हा चाळून तो एकच पदार्थ वेगळा करायचा आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून कुपीत ठेवायचा.

"उकळायच्या?" बाईंनी विचारलं. "प्रथिनं तर उकळली की बिघडतात. अंड्यासारखी."

"बाकीची बिघडतात, बाई. हे नाही. साधं प्रथिन म्हणजे दोरा, गरम केला की त्याची घडी सुटते. या दोऱ्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, माळेसारखी, आणि मध्ये गाठी मारलेल्या आहेत. त्यामुळे त्याला सुटायला टोकच नाही. खळखळ उकळलं तरी काही होत नाही."

बोलता बोलता ती थांबली. बाई तिच्याकडे नुसत्या पाहत होत्या. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर सापडायच्या बेतात असलं की त्या अशाच पाहायच्या, मध्ये बोलायच्या नाहीत.

"जे चुलीवर मरत नाही," मयुरी सावकाश म्हणाली, "ते बर्फ वितळल्यानं कसं मरेल?"

"नाही मरणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मनातल्या मनात संध्याकाळची एसटी सोडून दिली.

कुपी जागच्या जागी होती, खुणेपर्यंत भरलेली. म्हणून तिला कुणी हात लावला असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बाकीच्या कुप्या चाचण्यांत संपल्या होत्या. उरली होती ती हीच, आणि नवीन करायची तर महिने जाणार. फ्रिजची चावी दारामागच्या खिळ्याला. त्या खोलीत जाणारी माणसं मोजकी होती. शेजारच्या टेबलावर काम करणारा स्वप्निल झाडे, साफसफाई आणि उचलठेव करणारे बंडूजी, आणि रुग्णांच्या जखमांचे नमुने स्वतः घेऊन येणारे इस्पितळाचे सर्जन डॉ. योगेंद्र चांडक.

"आणि तू," बाई म्हणाल्या.

"आणि मी," मयुरी म्हणाली.

३

स्वप्निल सडसडीत, थंड आवाजाचा मुलगा होता. त्याचंही काम वनस्पतींवरच, पण त्याच्या बशीत अजून एकही खळं पडलं नव्हतं. एकच शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार होती, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मयुरी गेली तर फायदा माझाच आहे," तो आपणहून म्हणाला. "मी नाही सांगितलं तरी तुम्ही ओळखलंच असतं."

त्याच्या टेबलावर बरण्या शिस्तीत मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर नाव. त्याच्या बोलण्यात ना राग होता ना भीती, होता तो फक्त कंटाळा. बाईंना असली मुलं माहीत होती. वर्गात काही हरवलं की पहिला संशय आपल्यावर येणार हे त्यांनी लहानपणीच गृहीत धरलेलं असतं.

बंडूजी बाहेर कडुनिंबाच्या विरळ सावलीत डबा उघडून बसले होते. बाई टेकल्या तशी त्यांनी अर्धी भाकर पुढे केली. आत बसायचं सोडून उन्हात का जेवता, असं बाईंनी विचारलं.

"मयुरी मॅडम मले लोनच्याचा डबा आत नेऊ देत नाई ना," बंडूजी म्हणाले. "म्हने, मिठाचा कनबी औषधाजवळ नको. मिठानं त्याचं बळ जाते म्हने. मी म्हनलो, पोरी, तुह्या औषधापरीस माही बायको बरी, ते मीठ जास्त टाकते पन जेवू तं देते."

बाई हसल्या. मग बंडूजींनीच भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्यांची थोरली बहीण विमलाबाई इस्पितळात होती. साखरेचा आजार, पायाला काटा रुतल्याचं निमित्त झालं आणि जखम वर वर चढत गेली. तपासणीच्या कागदावर जेवढी औषधं लिहिली होती तेवढ्या सगळ्यांपुढे एकच शेरा, लागू नाही.

"मागतलं होतं मी मयुरी मॅडमले. खोटं काऊन बोलू? माह्या बहिनीचा पाय सडून राह्यला अन् इथं फ्रिजात औषध ठिवलं हाय. ते नाई म्हनली. हे अजून मानसाचं औषध नाई, बंडूजी, म्हने. रक्तात गेलं तं रक्ताच्या पेशीबी फोडन."

"मग?"

बंडूजींनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मंग एक दिवस चावी घेतली मी खिळ्यावरची," ते म्हणाले.

४

"अन् परत लावली," असं त्यांचं पुढचं वाक्य होतं. फ्रिजपुढे उभे राहिले, पोरीचं तोंड आठवलं, आणि परत लावली. हे खरं मानायला बाईंजवळ काही आधार नव्हता. पण खोटं मानायलाही नव्हता.

त्या वॉर्डात गेल्या. डॉ. चांडक सकाळपासून उभेच होते असं सिस्टर म्हणाली, आणि ते दिसतही होतं. पुलगावातल्या व्यापारी घराण्यातला हा एकटाच माणूस गादीवर न बसता डॉक्टर झाला होता आणि आता उभ्यानं चहा पीत होता.

"त्या पाल्याच्या पाण्याची चौकशी करताय तुम्ही?" ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय बाई, बशीतले जंतू काय फिनाईलनंही मरतात. माणूस म्हणजे बशी नाही."

मग त्यांनी चष्मा काढला, स्टँडवर लटकणाऱ्या संपत आलेल्या सलाईनच्या बाटलीतून त्यावर चार थेंब सोडले, झटकला आणि तसाच ओला डोळ्यांवर चढवला. काचा वाळल्या तशा त्यांवर पांढुरके ठिपके उमटले. आधीचेही होते. एवढ्या ठिपक्यांतून या माणसाला दिसतं तरी कसं, बाईंच्या मनात आलं.

विमलाबाईंची खाट खिडकीशी होती. पाय गुडघ्याखाली पट्टीत. बंडूजींचं नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

"बसा ना बाई, खाटीवरच बसा. जागा भरपूर हाय. अन् एक पाय गेला का अजून होईन."

"असं बोलू नये."

"बोललं नाई तं काय, पाय राह्यते?" विमलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरचा काही दोष नाई. मागच्या आठवड्यापासून मानूस सोता पट्टी बांधून देते मले. सिस्टरले हात लावू देत नाई. माह्या पोरानं नाई केली एवढी सेवा."

डॉ. चांडक पलीकडच्या खाटेशी होते. ऐकलं की नाही कोण जाणे, त्यांनी मान वर केली नाही. परत निघताना बाईंना ते दाराशी भेटले.

"सोमवारी पाय काढावा लागेल," ते म्हणाले. "आता थांबलो तर पायापाठोपाठ बाईही जाईल. बंडूजींना मीच सांगेन." आणि थोडं थांबून, "त्या मुलीचं काय होणार?"

"सोमवारीच कळेल," बाई म्हणाल्या.

५

मुक्काम रीताकडेच पडला. बाईंना झोप अशी लागली नाही. सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि मयुरीकडे एक काचपट्टी मागितली. पिशवीतून त्यांनी आपलं जुनं भिंग काढलं, ज्याची मूठ चिकटपट्टीनं गुंडाळलेली होती.

"मी सातवीच्या मुलींना एक खेळ दाखवायची," त्या म्हणाल्या. "सगळी पाणी दिसायला सारखीच. पण पाणी उडून गेलं की मागे काय ठेवून जातं, त्यावरून ते कुठल्या घरचं ते कळतं."

त्यांनी पट्टीवर ओळीनं तीन थेंब ठेवायला लावले. पहिला डिस्टिल्ड पाण्याचा. दुसरा बोअरिंगच्या नळाचा. तिसरा मयुरीच्या कुपीतला. पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ऑक्टोबरच्या उन्हात ठेवली. रीता घड्याळ बघत होती, स्वप्निल भिंतीला टेकून, बंडूजी दारात. बाई मात्र स्टुलावर बसून खुशाल पेंगत होत्या.

थेंब वाळले. पहिल्याच्या जागी काही नव्हतं, काच जशीच्या तशी. दुसऱ्याच्या जागी मळकट पांढरी कड, पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी धरते तशी. बाईंनी भिंग मयुरीच्या हातात दिलं.

"तिसऱ्याच्या जागी काय आहे?"

मयुरी वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

"दाणे आहेत," ती म्हणाली. "चौकोनी. चमकतात." तिचा आवाज बारीक झाला. "बाई, हे तर मीठ आहे."

या पदार्थाचं बळ मिठात जातं, हे तिथं दारातल्या बंडूजींपासून सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच्या टेबलावर मिठाची बरणी होती, नाव लिहिलेली, शिस्तीत मांडलेली. सगळ्यांच्या नजरा एकदमच तिकडे गेल्या.

"स्वप्निल," रीता म्हणाली, "चावी टेबलावर ठेव आणि घरी जा."

तो पांढराफटक पडला, पण वाद घालायला तयार नव्हता. त्यानं खिशातून आपल्या कपाटाची चावी काढून ठेवली. जणू हे एक दिवस होणारच होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस, रीता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, फक्त थकला होता. "मयुरी, मीठ कालवलं गेलं. पण औषध तर उकळूनही मरत नाही. मग ते आत असेलच की अजून?"

मयुरीनं भिंग खाली ठेवलं. "असेल," ती म्हणाली. "मीठ काढून टाकता येतं. बारीक छिद्रांची पिशवी असते. तिच्यात भरून साध्या पाण्यात टांगून ठेवायचं. मीठ लहान, ते बाहेर झिरपतं. औषध मोठं, ते आत राहतं."

"चक्का टांगतो तसं."

"तसंच."

"मग टांग. आणि जे राहील त्याचा थेंब बशीत घाल. तोवर कुणी कुणाला घरी पाठवायचं नाही."

६

सोमवारी सकाळी बशी उघडली तेव्हा साय पुन्हा काठोकाठ होती. पण मधोमध, बोटाच्या पेराएवढी, स्वच्छ गोल जागा होती.

"पडलं," दारातून बंडूजी म्हणाले. "खळं पडलं."

मयुरी हसली नाही. पट्टीनं माप घेतलं, पुन्हा घेतलं. "लहान आहे, बाई. फार लहान. पिशवीत थोडं वाया जातं, पण इतकं नाही. कुपीत अर्ध्याहूनही कमी औषध होतं."

"हेच मला पाहायचं होतं," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "आता सगळे नीट ऐका. नासवणाऱ्याला चिमूटभर मीठ पुरलं असतं. तो औषध काढून कशाला नेईल? इथे तर औषध नेलंय आणि खुणेपर्यंत दुसरं काही भरलंय. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला मयुरीचं वाटोळं करायचं नव्हतं. त्याला औषध हवं होतं. स्वप्निलला ते कशाला हवं?"

स्वप्निलनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"हवं होतं ते मले," बंडूजी म्हणाले. घाबरून नव्हे, खरं तेच सांगावं तसं.

"हो. पण तुम्ही भरलं असतं तर नळाचं पाणी भरलं असतं, आणि काचेवर ती मळकट कड आली असती. मीठ तर तुम्ही कधीच घातलं नसतं. लोणचं बाहेर ठेवून उन्हात जेवणारा माणूस औषधात मीठ घालील का? हा चोर असा आहे, की त्याला औषधाची गरज होती आणि मिठाचं वैर माहीत नव्हतं."

"पण बाई," रीता म्हणाली, "मिठाशी काही देणंघेणं नसलेला माणूस मीठ घालेलच कशाला?"

"त्याला ते मीठ वाटलंच नाही," बाई म्हणाल्या. "त्याला ते पाणी वाटलं."

७

डॉ. चांडक शस्त्रक्रियेच्या खोलीकडे निघाले होते. बाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. मागे मयुरी होती, रीता होती.

"जरा चष्मा देता?"

त्यांनी काही न विचारता दिला. बाईंनी भिंग धरलं, पाहिलं, आणि भिंग मयुरीला दिलं. काचांवरच्या पांढुरक्या ठिपक्यांत चौकोनी दाणे चमकत होते, काचपट्टीवरच्यासारखेच.

"तुम्हा लोकांचं जखम धुणं, औषध विरघळवणं, सगळं सलाईननं," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्ही त्याला मिठाचं पाणी म्हणायचंच सोडलंत. चष्मासुद्धा त्यानंच धुता."

डॉक्टर बाकावर बसले. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच बसलेले बाईंनी पाहिले.

त्यांनी काही नाकारलं नाही. नमुने द्यायला गेले होते, खोलीत कुणी नव्हतं. विमलाबाईंच्या तपासणीचा कागद खिशात होता, सगळ्या औषधांपुढे तोच शेरा असलेला. जे पाल्याचं पाणी आपण हसण्यावारी नेतो तेवढंच आता जगात उरलंय, असं वाटलं. कुपीतलं काढून घेतलं, कमी झालेलं दिसू नये म्हणून खिशातली सलाईनची लहान बाटली ओतली. पट्टी बांधताना रोज थोडं थोडं जखमेवर सोडलं. सिस्टरला कळू नये म्हणून पट्टी स्वतः बांधली.

"रक्तात गेलं असतं तर?" मयुरीनं विचारलं.

"सुईनं दिलं नाही. वरूनच लावलं."

"उघडीच जखम ती, डॉक्टर. किती आत गेलं ते तुम्हाला तरी कळलं असतं का?" आणि उत्तराची वाट न पाहता, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"विश्वस्त मला खोटारडी म्हणाले. तेव्हा तुम्ही तिथंच होतात."

डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं होतं, पातळ झालं तरी काही ना काही उमटेल. नाही उमटलं. आणि इकडे पायावरही काही झालं नाही. दोन्हीकडे काही नाही. मग मी मनाशी म्हटलं, पोरीचं औषधच खोटं असणार. असं वाटलं की गप्प राहायला सोपं जातं."

बाईंनी चष्मा पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. रागवायची शक्ती त्यांच्यात नव्हती. आणि पुढचं वाक्य रागानं सांगण्यासारखं नव्हतंच.

"दोन्हीकडे मीठच होतं, डॉक्टर. कुपीत तुम्ही घातलेलं. आणि पायात विमलाबाईंचं स्वतःचं. रक्त खारट, घाम खारट, जखमेतलं पाणी खारट. आपण सगळेच सलाईननं भरलेल्या बाटल्या आहोत."

मयुरीचा हात भिंगावरच थांबला. चोर सापडल्यावर जे सुटलेपण यायला हवं ते तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. आलं ते वेगळंच.

"म्हणजे माझं औषध खरं आहे," ती म्हणाली, "पण माणसाच्या अंगात गेलं की गप्प बसतं."

"आजचं तरी."

शस्त्रक्रियेच्या खोलीतून सिस्टरनं हाक मारली. डॉक्टर उठले. रीताकडे वळून म्हणाले, की विश्वस्तांना काय लिहायचं ते मी लिहून देतो, माझ्या सहीनं, आणि त्यानंतर संस्थेनं माझं काय करायचं ते करावं. पण आधी ही एक बाई वाचवून येतो. रीतानं मान हलवली. ते गेले. चालताना त्यांनी चष्मा काढून एकदा उजेडात धरला आणि पुन्हा लावला.

पाय गुडघ्याखालून गेला. विमलाबाई राहिल्या. संध्याकाळी भूल उतरल्यावर त्यांनी पांघरुणाखाली हात घालून खात्री करून घेतली आणि उशाशी बसलेल्या भावाला म्हणाल्या, "बंडू, चप्पल आता एकच घ्या लागन. दुकानदार दुसरी ठिऊन घेईन का, इचारून येजो." बंडूजी हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची एसटी दुपारची होती. निरोप घ्यायला त्या प्रयोगशाळेत डोकावल्या. डॉक्टरांचं सहीचं पत्र सकाळीच विश्वस्तांकडे गेलं होतं. स्वप्निल आपली मिठाची बरणी घेऊन मयुरीच्या टेबलाशी उभा होता आणि दोघं कशावरून तरी वाद घालत होती, किती मीठ घालून सुरुवात करायची यावरून. माळेतला एखादा मणी बदलला तर ती मिठात टिकेल का, असं मयुरी विचारत होती. किती वर्षं लागतील, हे कुणीच विचारत नव्हतं. बाईंना वाटलं, तेच बरं.

बाहेर कडुनिंबाखाली बंडूजी डबा उघडायच्या बेतात होते. मयुरी खिडकीशी आली.

"बंडूजी, उन्हात काऊन बसता? आजपासून डबा आत आणा."

"अन् लोनचं?"

"लोणचंही आणा," ती म्हणाली. "आता त्याच्याशीच काम आहे."